प्रत असेपर्यंत

दोन वेळा पासवर्ड चुकला, तशी ताईने कळफलकावरचे हात उचलले आणि ओढणीला पुसले. तिसऱ्यांदा चुकला असता तर खातं बंद पडलं असतं, आणि ते उघडून देणारं आता कंपनीत कोणी उरलं नव्हतं.

"तुम्ही आजचा घालताय," शेजारच्या खुर्चीतून वकील म्हणाला. "तिजोरीच्या जुन्या प्रतीला आजचा कसा माहीत असेल? प्रत काढली तेव्हाचा घाला."

"कळतंय रे मला."

"कळतंय, तर मग..."

"तू जरा तोंडाला कुलूप घाल."

वकील काही खरा वकील नव्हता. ताईच्याच हाताखाली काम करणारा इंजिनियर होता. पण प्रत्येक गोष्टीला 'पुरावा काय?' असं विचारायची त्याला खोड होती, त्यामुळे पहिल्या महिन्यातच त्याचं बारसं होऊन गेलं होतं. असल्या कामाला नियमाने दोन माणसं लागतात, एक करणारं आणि एक बघणारं. बघायला याच्यापेक्षा चांगला माणूस मिळाला नसता. रविवार असल्याने कचेरीत दोघांखेरीज चिटपाखरू नव्हतं. ओळीने मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या होत्या, आणि कोणीतरी शुक्रवारी अर्धा टाकलेला चहा.

ताईने डोळे मिटले. तो पासवर्ड बदलला तेव्हा ती घरी जेवणाच्या टेबलावर बसून काम करत होती. पडद्यावर 'नवा पासवर्ड द्या' असं आलं, आणि त्याच वेळी आई आतून ओरडली होती. सुचत काही नव्हतं, म्हणून ताईने आईचंच वाक्य टाकलं होतं. लांब होतं, कोणाला ओळखू येण्यासारखं नव्हतं, आणि विसरायचाही प्रश्न नव्हता. तरी विसरलीच होती. आता बोटांनी ते आपोआप टाइप केलं. पानं घेतलीत, गार होतंय सगळं.

तिजोरी उघडली.

"देव पावला," वकील म्हणाला. "काय होता हो?"

"पासवर्ड विचारतात का कोणाला?"

"नाही, तुमचा चेहरा कसासाच झाला, म्हणून विचारलं."

ताईने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

कंपनीचं काम तसं साधं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या घरात एक छोटी डबी बसवायची. घरच्यांनी आपापल्या आवाजात फोनवरून निरोप भरून ठेवायचे, आणि डबीने ते वेळेवर ऐकवायचे. गोळी घ्या, गॅस बंद केला का, दार लावून घ्या. लोकांच्या घरातली बोलणी म्हटल्यावर ती कोणाच्याही कानावर जाऊन चालणार नाहीत, म्हणून प्रत्येक घराचे निरोप वेगळ्या किल्लीने बंद केलेले असत. निरोप एका कोठारात आणि किल्ल्या दुसरीकडे, तिजोरीत. ही तिजोरी म्हणजे भाड्याने घेतलेली यंत्रं होती. ती कुठल्या इमारतीत आहेत हे ताईलाही ठाऊक नव्हतं. यंत्रं तीन, पण वागायला एक जीव, एकाकडे जी किल्ली ती तिघांकडे. आणि स्वभावाने भलती संशयी. शनिवारी कुठल्याशा सेटिंगचा घोळ झाला, तर चोर आला असं समजून तिघांनी पोटातल्या सगळ्या किल्ल्या पुसून टाकल्या. तेव्हापासून हजारो घरांतल्या डब्या मुक्या झाल्या होत्या.

साहेब गावाला गेले होते. तिथून दर थोड्या वेळाने फोन करून ते उंटावरून शेळ्या हाकत होते.

"झालं का?"

"पहिलं यंत्र उठलंय, साहेब. अजून दोन उठवायची आहेत."

"लोकांच्या गोळ्या चुकताहेत हो. काहीही करा, संध्याकाळच्या आत आवाज आले पाहिजेत."

आता काहीही करायचं म्हणजे जुन्या प्रतीवरून तिजोरी पुन्हा उभी करायची. तिथेही घोळ होताच. जुन्या प्रती आपोआप पुसल्या जाव्यात असा नियम कोणीतरी लिहिला होता, आणि लिहिताना तो उलटा लिहिला होता. सगळ्या नव्या प्रती पुसल्या गेल्या आणि सगळ्यांत जुनी तेवढी राहिली, वर्षापूर्वीची. बरं झालं एवढंच, की त्यानंतरची नवी घरं दुसऱ्या तिजोरीत जात होती. या तिजोरीत बेरीज थांबली होती, नुसती वजाबाकी चालू होती. एखादं म्हातारं माणूस गेलं, घरच्यांनी 'आमचं सगळं पुसा' असा अर्ज केला, की त्या घराची किल्ली नष्ट करायची. निरोप कोठारात तसेच पडून राहत, पण उघडायचे कशाने? म्हणजे पुसल्यात जमा.

"तेव्हापासून ज्या किल्ल्या पुसल्या, त्या सगळ्या आता परत आल्या असतील," वकील पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

"आल्याच असणार."

"लोकांना आपण सांगितलं, कायमचं पुसलं म्हणून."

"मग? पुसलंच होतं."

"कसलं पुसलं? प्रत असेपर्यंत काहीच पुसलेलं नसतं, ताई. इतके दिवस सगळे आहेत तिथेच होते. आपल्याला दिसत नव्हते एवढंच."

"भरदुपारी भुताच्या गोष्टी नको सांगू," ताई म्हणाली, पण तिने खुर्ची जरा त्याच्याकडे ओढून घेतली.

त्या परत आलेल्यांत तिच्या घराची किल्ली होती. हे तिला सकाळी फोन आला तेव्हाच कळलं होतं. घाईघाईत चपला पायांत सरकवताना तिच्या डोक्यात तेवढं एकच होतं.

डबी घरी आली ती कंपनीने कर्मचाऱ्यांना वाटली म्हणून. फुकट ते पौष्टिक, असं म्हणून आईने ती जेवणाच्या टेबलाशेजारच्या फळीवर ठेवून घेतली होती. मग आईचं दुखणं निघालं. दवाखान्याच्या खाटेवर पडल्यापडल्या तिने फोन तोंडाशी धरून निरोप भरायला घेतले, रोजचा वेगळा, तारीखवार. वर्षाचं धान्य भरावं तशी बाईने बोलण्याची बेगमी करून ठेवली. ती गेल्यावर तेराव्या-चौदाव्या दिवशी डबी बोलली, "अहो, चष्मा कपाळावर आहे तुमच्या," आणि बाबांनी कपाळाला हात लावला. चष्मा तिथेच होता.

पहिल्यांदा ताईलाही बरं वाटलं होतं. मग बाबा फळीखालच्या खुर्चीतून उठेनासे झाले. ते डबीला उत्तरं द्यायचे, तिच्याशी हुज्जत घालायचे. फिरायला जायचं बंद झालं, मध्येच ती बोलली आणि आपण घरात नसलो तर, म्हणून. ताई कामावरून येऊन काही सांगायला लागली की ते हात वर करायचे. "थांब. बोलतेय ती." डबी तर गप्प असायची. मग बापलेक दोघंही गप्प बसायची, पण कान देऊन एकटे बाबाच. एक दिवस ताईचा बांध फुटला. तिने अर्ज भरला. नियमाप्रमाणे दुसऱ्या दोघांनी तिच्या घराची किल्ली पुसली. बाबांना तिने सांगितलं, मशीन बिघडलं. बाबा "बरं" म्हणाले, इतकंच. डबीची वायर गुंडाळून तिने ती कपाटात, आईच्या साड्यांच्या मागे ठेवून दिली.

आणि औषध बरोबर लागू पडलं. महिन्याभरात बाबा सुधारले. वेळेवर जेवायला लागले, फिरून यायला लागले. गोळ्यांची तर आठवणही करावी लागेना. आता चुकून एकही गोळी राहत नव्हती. ताईने स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

दुपार कलता कलता तिन्ही यंत्रं उठली.

"आता पुरावा," वकीलने हात चोळले. "कुठलंही एक घर घेऊ. निरोप उघडतोय का बघू. नंबर सांगा एखादा."

हजारो घरांतला कुठलाही सांगता आला असता. पण आपण पाठ म्हणून कोणते नंबर करतो? ताईच्या तोंडून एकच नंबर निघाला, आणि निघाल्यावर तिला कळलं. वकीलने तो टाकलाही होता. आजच्या तारखेचा निरोप समोर आला, संध्याकाळी वाजायचा. त्याने बटण दाबलं.

"अहो, ऐकलंत का," आई म्हणाली.

रिकाम्या कचेरीत आवाज केवढा तरी मोठा वाटला. मागे दवाखान्यातलं कुठलंसं ढकलगाडीचं चाक कुरकुरत होतं.

"आज रविवार. पोरगी कामावर पळालीय. घाईत निघाली म्हणजे किल्ली घरीच राहिलीय तिची. दिवे लावलेत की दाराला कडी घालू नका, नुसतं लोटून ठेवा. तुम्ही कानातलं यंत्र काढून बसाल, आणि ती बसेल दार बडवत. आणि हो, तिला सांगा..."

वकीलने बटण दाबलं. आवाज तुटला.

"ऐकू येतंय. पुरे," तो म्हणाला. लोकांचं बोलणं गरजेपुरतंच ऐकायचं, असा नियम होता, आणि वकील नियमाला पक्का होता.

ताईने हळूच मांडीवरची पर्स उघडली. आतले दोन्ही कप्पे चाचपले. पेन, गोळ्यांची पट्टी, रुमाल. घराची किल्ली नव्हती. त्यात नवल ते काय, असं तिने मनाशी म्हटलं. रविवार म्हटला की तिला बोलावणं येणार हे आईला ठाऊक होतं, आणि दुनियेच्या किल्ल्या सांभाळणारी ही बया घरची किल्ली विसरते यावरून आईने तिला जन्मभर हसून घेतलं होतं. त्यात काय एवढं. पण तिने दोन्ही कप्पे पुन्हा एकदा चाचपले.

"ओळखीचं घर होतं का?" वकीलने विचारलं.

"नाही."

याला त्याने पुरावा मागितला नाही. तो उठला, दोन कप चहा घेऊन आला आणि एक तिच्यासमोर ठेवून पुन्हा जागेवर बसला.

मग वजाबाकी. अर्ज केलेल्या घरांच्या किल्ल्या पुन्हा पुसायच्या होत्या, त्याशिवाय तिजोरी चालू करता येत नव्हती. ताईने नंबर वाचायचा, वकीलने तो पडद्यावर ताडून बटण दाबायचं. प्रत्येक नंबरामागे एक घर होतं, आणि तिथे कोणीतरी मुक्या झालेल्या डबीची वायर गुंडाळली होती. ताई वाचत राहिली. स्वतःच्या घराचा नंबर चार-पाच ओळींवर आला, तेव्हा तिला आईचं अर्धं वाक्य आठवलं. वकील मध्ये पाणी आणायला उठला असता, तर तेवढ्यात ऐकून झालं असतं. नुसतं ऐकायचं. पुसायचं तर होतंच. तो उठला नाही. आणि तिलाही 'ऊठ' म्हणवलं नाही. इतक्या लोकांना आपण शब्द दिलाय, आपल्यासाठी तेवढा वाकवायचा? ओळ आली. तिने नंबर वाचला, बाकीचे वाचले होते तसाच. वकीलने बटण दाबलं.

"पुढचा," तो म्हणाला.

शेवटी ताईने पुन्हा उभ्या केलेल्या तिजोरीची नवी प्रत काढली. जुनी प्रत नष्ट करायची तेवढी राहिली होती. तीत सगळ्या पुसलेल्या किल्ल्या अजून होत्या.

"हीच खरी," वकील म्हणाला. "ही गेली की गेले सगळे. आता खरोखरचे."

"परत नाही ना आणता येत?"

"आठवडाभर येते. कचऱ्याच्या डब्यात पडून असते तशी. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "आणि परत आणायची तर दोघांची सही लागते. तुमची आणि माझी. का हो?"

"सहज," ताई म्हणाली. हे बटण तिचं तिने दाबलं.

साहेबांचा फोन आला. डब्या बोलायला लागल्या होत्या, सगळीकडून फोन येत होते, एक आजी तर रडली म्हणे. "शाब्बास," साहेब म्हणाले. "आता घरी जा, आराम करा."

घराच्या जिन्यात दिवा नव्हता. चढताना ताईच्या मनात एकच होतं, की आता बाबांनी कानातलं यंत्र काढलं असणार, कडी घातली असणार, आणि शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या गच्चीतून ओरडावं लागणार. मागे दोनदा असं झालं होतं. कडी घालायला बाबा कधी विसरत नसत. चोराचिलटांची त्यांना फार धास्ती.

तिने दारावर थाप मारली, आणि हाताच्या धक्क्यानेच दार उघडलं. ते नुसतं लोटलेलं होतं.

आत दिवा होता. बाबा जेवणाच्या टेबलाशी, फळीखालच्या जुन्या खुर्चीत बसले होते. कितीतरी महिन्यांत ते त्या खुर्चीत बसलेले तिने पाहिले नव्हते. कानात यंत्र होतं. त्यांनी वळून पाहिलं, पण उठले नाहीत.

"आलीस? दार उघडंच आहे," ते म्हणाले.

"बाबा, कडी?"

"घालू नका म्हणाली. तू किल्ली विसरलीयस म्हणे."

ताई उंबऱ्यातच उभी राहिली. मग ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि तिने कपाट उघडलं. साड्यांच्या मागे डबी तशीच होती. वायर तिने गुंडाळली होती तशीच गुंडाळलेली, रबर लावलेलं, वर धुळीचा थर. तिने तिला हात लावला नाही. कपाट लावून ती बाहेर आली.

"बाबा," ती त्यांच्यासमोर बसली. "ती... बोलते? मशीन बिघडल्यावरसुद्धा?"

"रोज बोलते की. मी तुला सांगत नव्हतो, तू चिडतेस म्हणून." बाबांनी टेबलावरचा पेला उगाच इकडचा तिकडे केला. "गोळीचं सांगते, फिरायला पाठवते. आता हल्ली काय, मी बाहेर असलो तरी बोलते. म्हणून तर जातो."

"आज काय म्हणाली?"

"दुपारी बोलली आज. एरवी संध्याकाळी बोलते. म्हणाली, पोरगी कामावर पळालीय, दार लोटून ठेवा, ती दार बडवत बसेल. मग म्हणाली, आणि हो, तिला सांगा..."

बाबा थांबले.

"काय सांगा?" ताईने विचारलं.

"तिथंच थांबली. कोणीतरी तोंडावर हात ठेवावा तशी. मी म्हटलं, अगं बोल की पुढे. नाही. नंतर गोळीची वेळ झाली, तरी गप्प. दिवे लावले, तरी गप्प. इतक्या दिवसांत असं कधी झालं नाही गं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे लहान मुलासारखे घाबरलेले होते. "गोळी राहिली माझी आज. तुझ्या कचेरीत काही झालं का?"

ताईने उठून त्यांची गोळी काढली, पाण्याचा पेला भरला, दोन्ही त्यांच्या हातात दिलं. बाबांनी गोळी घेतली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिला रडू आलं. बाबांनी तिचा हात थोपटला.

"असू दे. येईल ती," ते म्हणाले. "अर्धं वाक्य टाकून जायची नाही."

तिने पर्समधून फोन काढला आणि वकीलला लावला. एक आठवडा होता. दोघांची सही लागणार होती. तो विचारेल, का, आणि मग विचारेल, पुरावा काय. उघडं दार, आणि एक न घेतलेली गोळी. याखेरीज सांगायला तिच्यापाशी काही नव्हतं.

"बोला ताई," पलीकडून वकील म्हणाला. "पोचलात का?"

"वकील, ती जुनी प्रत..."

बाबांनी हात वर केला.

"थांब," ते फळीकडे बघत कुजबुजले.

फळीवर काही नव्हतं. डबी उचलली तिथे एक चौकोन अजून जरा उजळ दिसत होता. फोनमधून वकील दोनदा हॅलो म्हणाला. ताईने फोन ओढणीत गुंडाळून मांडीवर दाबून धरला, त्याचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून, आणि बाबांच्या शेजारी बसून तीही ऐकू लागली.